आधी व्हर्नियर, मग सॉफ्टवेअर

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या बाई तालुक्याच्या गावातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून शाळेत ‘मेकरस्पेस’, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवायची खोली, उभी राहिली आहे. एक थ्रीडी प्रिंटर, एक लहान लेझर कटर, ४ जीबी रॅमचे १२ जुने संगणक आणि मनात येईल तेव्हा चालणारं इंटरनेट, एवढा संसार. मुलं सहावी ते दहावीची. महिनाअखेर शाळा समितीपुढे ‘डिझाइनसाठी आपलं प्रमाणित सॉफ्टवेअर कोणतं’ हे लिहून द्यायचं आहे. पुण्यात नोकरीला असलेला एक माजी विद्यार्थी म्हणतो, उद्योगात चालतं तेच शिकवा. सॉलिडवर्क्स या यंत्रभागांच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची ‘चालू करून दिलेली’ प्रत तो पेन ड्राइव्हवर आणून देणार आहे. प्रिंटर विकणारा म्हणतो, फ्यूजन घ्या. मुख्याध्यापक म्हणतात, फुकट असेल ते घ्या. नववीतला एक मुलगा भावाच्या लॅपटॉपवर ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॅगन बनवतो आणि बाकीची पोरं त्याच्याभोवती गोळा होतात. बाई लिहितात, “मला स्वतःला यातलं काहीच येत नाही. मुलांच्या आधी मी कुठलं शिकू? एकदा निवड चुकली की पाच वर्षं वाया.”

ताई,

तुमचं शेवटचं वाक्य प्रिंटरबद्दल असतं तर मी मान डोलावली असती. चुकीचं यंत्र आलं की ते कोपऱ्यात धूळ खातं आणि दर ऑडिटला आपल्याकडे बघतं. सॉफ्टवेअरचं तसं नाही. तिथे तुम्ही बरोबर निवडलं तरी पाच वर्षांत ते जागेवर असेलच असं नाही.

शाळांना आवडलेल्या सॉफ्टवेअरचंच बघा. ऑटोडेस्कचं ‘१२३डी डिझाइन’ मुलांसाठी छान होतं. २०१७ मध्ये कंपनीने ते गुंडाळलं. संगणकावर घालून ठेवायचं मोफत ‘स्केचअप मेक’ २०१७च्या आवृत्तीवर थांबलं, पुढचं मोफत स्केचअप ब्राउझरमध्ये गेलं. फ्यूजनच्या वैयक्तिक मोफत परवान्यावर २०२० मध्ये एका वेळी दहाच चालू फाइलींची मर्यादा आली. सर्किटचं ‘ईगल’ कित्येक कॉलेजांनी डोळे मिटून स्वीकारलं होतं. त्याचा शेवटचा दिवस कंपनीने ७ जून २०२६ असा जाहीर केला. यात कुणी फसवलं असं मी म्हणत नाही. धंदा आहे, त्यांनी त्यांचं पाहिलं. पण समितीच्या कागदावर ‘प्रमाणित’ हा शब्द ज्याच्यापुढे लिहायचा, ते निदान मुलगा सहावीतून दहावीत जाईपर्यंत तरी टिकायला नको का?

म्हणून प्रश्न जरा वळवून बघू. कुठलं सॉफ्टवेअर, हे नंतर. तुमच्या खोलीत पाच वर्षं न बदलता काय राहायला हवं, हे आधी.

माझं उत्तर: माप, कागदावरचं चित्र आणि फाइल. या तिन्हींना प्रमाण आहे आणि ते कुठल्याच कंपनीच्या हातात नाही. ड्रॉइंग कसं काढायचं याचं आपलं भारतीय मानक आहे. भारतीय मानक ब्यूरोचं ‘एसपी ४६’ हे पुस्तक खास शाळा-कॉलेजांसाठीच काढलेलं आहे. मापाची रेघ कशी, लपलेली कड तुटक रेषेने कशी, समोरचं दृश्य कुठे आणि वरचं कुठे, सगळं त्यात आहे. आपल्याकडे ‘फर्स्ट अँगल’ पद्धत चालते आणि मुलं यूट्यूबवर बघतात ते अमेरिकी व्हिडिओ बहुतेक ‘थर्ड अँगल’चे असतात. तिथे वरचं दृश्य वर असतं, आपल्याकडे ते खाली येतं. हा घोटाळा कुठलंही महाग सॉफ्टवेअर निस्तरणार नाही, तुमचा फळा निस्तरेल.

आता त्या माजी विद्यार्थ्याकडे येऊ. त्याची तळमळ खरी आहे, त्याला दुखवू नका. पण ‘उद्योगात चालतं ते’ हे त्याच्या आजच्या टेबलावरून दिसणारं दृश्य आहे. तुमची सहावीतली मुलगी नोकरीला लागेल तेव्हा दहा-बारा वर्षं उलटलेली असतील. सॉलिडवर्क्सची पहिली आवृत्ती १९९५ची. ती कंपनी काढणारे जॉन हर्शटिक यांनीच पुढे सगळं ब्राउझरमध्ये चालणारं ‘ऑनशेप’ काढलं. ज्याने एक प्रमाण घडवलं तोच दुसरीकडे निघून गेला, तर आपण सातवीच्या मुलांना पहिल्याला का बांधायचं? शिवाय आत शिरल्यावर या सगळ्यांची रीत एकच. सपाट आकृती काढा, तिला मापं आणि अटी घाला, मग तिला जाडी द्या, मग भोक पाडा. ही रीत एकात आली की दुसऱ्यात बटणं शोधायला आठवडा पुरतो.

मी भोसरीच्या एका टूलरूममध्ये ड्रॉइंग बोर्डवर सुरुवात केली. संगणक आला तेव्हा आमच्यात एक नवा मुलगा होता. कमांड अशा टाइप करायचा की बघत राहावं. पण भोकाला टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, द्यायला विसरायचा. फिटरमामा त्याचं ड्रॉइंग घडी करून परत पाठवायचे, त्यावर पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला असायचा: ‘किती?’ आजही एखादं गुळगुळीत थ्रीडी चित्र समोर आलं की मला तो शब्द आठवतो.

आणि पेन ड्राइव्हवरची ती प्रत. इथे मी गुळमुळीत बोलणार नाही, नको. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब प्रमाणे चोरीची प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणं हाच गुन्हा आहे. त्यात कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद न देता दंडावर सोडू शकतं, पण शाळेने त्या वाटेला जायचंच कशाला? खरी अडचण तर वेगळीच आहे. अशी प्रत चालावी म्हणून आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. मग बाराच्या बारा संगणकांत काय शिरलं, हे शोधत तुमच्या उन्हाळी सुट्ट्या जातील. त्या मुलाला सांगा, प्रत नको, महिन्यातून एक शनिवार ये आणि मुलांना टॉलरन्स शिकव. त्याच्याकडे खरं देण्यासारखं आहे ते तेच.

मुख्याध्यापकांचं ‘फुकट’ हा मात्र विचार करण्यासारखा मुद्दा आहे, कारण फुकटातही प्रकार असतात. शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी फुकटच असतं, तो देतोय तोवर. फ्यूजनचा शैक्षणिक परवाना तसा आहे. शाळेची आणि शिक्षकाची पडताळणी करून तो मिळतो, पण दर वर्षी नवा करावा लागतो, फाइली मुळात कंपनीच्या क्लाउडवर राहतात आणि तुमच्या ४ जीबीच्या संगणकांना ते झेपणार नाही. ऑनशेपच्या मोफत खात्यात काढलेलं सगळं जगाला दिसतं. त्याची शैक्षणिक योजना वेगळी आहे, पण इंटरनेट गेलं की सगळंच गेलं. फ्रीकॅडचं फुकट हे आपल्या बांधावरच्या विहिरीसारखं आहे. त्याचा कोड खुला आहे, कुणी परत मागू शकत नाही. पण उपसायचे कष्ट तुमचे.

मग मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? सहावी-सातवीला टिंकरकॅड. आठवीपासून पुढे फ्रीकॅड. लेझर कटरसाठी सगळ्यांना इंकस्केप, हे सपाट रेषाचित्रांचं. तुम्ही एक नाव मागितलंत, मी तीन देतोय हे कळतंय मला. पण बाकं सगळी एकाच उंचीची असावीत असा आग्रह शाळेत कुणी धरत नाही.

टिंकरकॅडमध्ये ठोकळे जोडायचे आणि ठोकळ्यातून ठोकळा वजा करायचा, एवढंच. पहिल्या तासाला मूल काहीतरी बनवून उठतं आणि तेवढ्यासाठी मी त्याचे सगळे दोष माफ करतो. ते ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे जुन्या संगणकांवर ताण कमी. त्यात तुम्ही शिक्षक म्हणून वर्ग उघडायचा, मुलांना वर्गाचा कोड द्यायचा आणि प्रत्येकाने टोपणनावाने आत यायचं. ईमेल लागत नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण जन्मतारखा मागेपुढे करून मुलांची जीमेल खाती काढणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. टोपणनाव म्हणजे ‘सहावी-ब-२३’ पुरे, आडनाव कशाला?

टिंकरकॅडचा दोष आठवीत जाणवतो. डबी झाल्यावर लक्षात आलं की भिंत २ मिलिमीटरऐवजी ३ हवी होती, तर बरंचसं पुन्हा मांडावं लागतं. फ्रीकॅडमध्ये एक आकडा बदलायचा आणि बाकी सगळं मागोमाग येतं. इंटरनेट लागत नाही, लिनक्सवरही चालतं. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १०चा पाठिंबा थांबवल्यावर जुन्या संगणकांच्या मालकांना हे महत्त्वाचं झालं आहे. फ्रीकॅडची एक जुनी खोड होती. आधीच्या पायरीत काही बदललं की कडांचे क्रमांक बदलायचे आणि एका कडेला दिलेली गोलाई भलत्याच कडेवर जाऊन बसायची. गल्लीत एक घर वाढलं म्हणून सगळ्यांचे घरनंबर बदलावेत आणि पोस्टमनने पत्रं भलत्याच दारात टाकावीत, तसं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत हे बरंच सुधारलं. म्हणून जुनी आवृत्ती घालू नका. आणि पहिले दोन आठवडे मुलं वैतागतील, तुम्हीही. त्यात ‘वर्कबेंच’ नावाच्या बऱ्याच खोल्या आहेत; ‘पार्ट डिझाइन’ आणि ‘स्केचर’ या दोनच उघड्या ठेवा.

इंकस्केपवर जरा थांबतो, कारण इथे आपल्या लिपीची गंमत आहे. लेझर कटर आला की प्रत्येक मुलाला पहिल्यांदा स्वतःचं नाव कापून हवं असतं, आणि हवंच. रोमन अक्षरं कापली की सुटी होतात, त्यांना खाली पट्टी द्यावी लागते. आपलं नाव शिरोरेषेला टांगलेलं असतं, सगळं एका तुकड्यात हातात येतं. ‘ग’चे दोन भाग एरवी कधीच एकत्र राहिले नसते, ते शिरोरेषेमुळे राहतात. फक्त अनुस्वार गळतो. ‘संकेत’चा ‘सकेत’ होतो आणि पोरं महिनाभर चिडवतात, तेव्हा टिंब आधीच ओढून रेषेला चिकटवा. दुसरी खाच अशी, की फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर शिरोरेषेचा आपापला तुकडा घेऊन येतं आणि ते तुकडे एकमेकांवर चढलेले असतात. तसंच कापायला दिलं तर लेझर प्रत्येक सांध्यावर आडवा चिरतो. म्हणून मजकुराचं ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करायचं, म्हणजे अक्षरांच्या रेषा करायच्या, गट सोडवायचा आणि मग ‘युनियन’ने सगळं एकसंध करायचं. युनिकोड फॉन्ट वापरा, जुने टायपिंगचे फॉन्ट नकोत. इंकस्केपची हीच रेषाचित्राची फाइल, म्हणजे एसव्हीजी, टिंकरकॅडमध्ये आत घेता येते, म्हणजे उठावाच्या मराठी पाट्याही झाल्या. गावातला पत्रिका आणि बोर्ड करणारा बहुधा कोरलड्रॉ वापरत असेल. एसव्हीजी किंवा पीडीएफ दिली तर मोठं काम त्याच्याकडून करून घेता येतं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात इंकस्केपचे छोटे धडे आहेत, तेही बघा. (जाता जाता: रेक्झिन, फ्लेक्स, पीव्हीसीची पाटी लेझरखाली कधीही नको. त्यातून क्लोरीनयुक्त विषारी धूर निघतो. हे सॉफ्टवेअरबद्दल नाही, पण भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.)

माझ्या सांगण्यावर ठराव करू नका. तीन शनिवार घ्या. एकच वस्तू निवडा. तुमच्या भागात ठिबक असणारच, तर १६ एमएमच्या नळीचं तोंड बंद करायची आठच्या आकाराची क्लिप घ्या. नळी एका कड्यातून ओवायची, दुमडायची आणि दुसऱ्या कड्यात अडकवायची. मुलांनी ती घरातून आणावी, व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घ्यायच्या उपकरणाने, मोजावी, वहीत फर्स्ट अँगलमध्ये काढावी आणि मग संगणकावर बसावं. पहिल्या शनिवारी टिंकरकॅड, दुसऱ्या शनिवारी फ्रीकॅड, तिसऱ्या शनिवारी इंटरनेटची वायर काढून ठेवा आणि काय होतं ते पाहा. किती मुलांची क्लिप पूर्ण झाली, किती जणांना दुसऱ्याच्या फाइलमधलं एक माप बदलता आलं, कुठला संगणक गोठला, एवढं वहीत टिपा. तुमच्या शाळेपुरती ही माहिती माझ्या अनुभवापेक्षा मोलाची आहे.

एक इशारा. छापलेलं कडं नळीवर बसलं नाही तर लगेच सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. प्रिंटरवर भोकं थोडी लहान येतात. बसणाऱ्या भागाला ०.२ ते ०.३ मिलिमीटर मोकळीक द्यावी लागते. ‘किती?’ हा प्रश्न इथे मुलांना पहिल्यांदा भेटेल.

आता फाइली. प्रत्येक काम दोनदा जपा. एकदा ज्या सॉफ्टवेअरमध्ये केलं त्याच्या मूळ फाइलमध्ये, आणि एकदा कुणालाही उघडेल अशा रूपात. फ्रीकॅडच्या कामासाठी ते रूप म्हणजे ‘स्टेप’. ते आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १०३०३, १९९४पासूनचं, आणि त्या माजी विद्यार्थ्याच्या सॉलिडवर्क्समध्येही ते उघडेल. सपाट कामासाठी एसव्हीजी. टिंकरकॅडमधून एसटीएल निघेल, पण एसटीएल म्हणजे नुसत्या त्रिकोणांचं कवच. त्यात इंच की मिलिमीटर हेसुद्धा लिहिलेलं नसतं. इंचात काढलेली वस्तू मिलिमीटर समजून उघडली तर २५.४ पट लहान दिसते आणि मूल ‘बाई, माझी डबी हरवली’ म्हणत येतं. फाइलच्या नावात इयत्ता, हजेरी क्रमांक, वस्तू आणि तारीख असू द्या. प्रिंटरच्या कार्डावर नाव रोमन अक्षरांत ठेवा, स्वस्त प्रिंटरांच्या पडद्यावर देवनागरी नीट उमटेलच असं नाही. आणि टिंकरकॅडमधलं सगळं दर सत्राच्या शेवटी उतरवून एका हार्ड डिस्कवर टाका. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून ते दहावीच्या दोन मुलांना द्या आणि त्यांच्या नावाची पाटी लेझरवर कापून दाराला लावा.

राहिली तुमची भीती, की मला येत नाही. व्यवस्थित विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना व्हर्नियर येतो, लघुतम माप येतं, ‘हे मोजलंस का?’ विचारता येतं. अर्धं काम तिथेच झालं. फ्रीकॅडचं बटण कुठे आहे हे एखाद्या मुलाला तुमच्याआधी सापडलं, तर सापडू दे की. त्याला फळ्यापाशी बोलवा. तुम्ही मुलांच्या पुढे फक्त एक तास असा, एक वर्ष नको. आणि जमलं तर एक दिवस काढून शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रमात जाऊन या. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला, आणि अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरच्या पहिल्या फॅब लॅबांपैकी (यंत्रांवर वस्तू बनवायच्या खुल्या प्रयोगशाळांपैकी) एक तिथे २००२ मध्ये आली. गावातली मुलं गावातल्या अडचणींवर यंत्रं कशी चालवतात, ते तिथे बघायला मिळेल. सरकारी योजनेतल्या शाळांमधल्या अटल टिंकरिंग लॅब चालवणाऱ्या ज्या शिक्षकांनी असेच प्रश्न विचारले आहेत, त्यांनाही माझं हेच सांगणं आहे.

समितीच्या कागदावर मी असं लिहीन: “शाळेत संगणकावर केलेलं प्रत्येक काम मिलिमीटरमध्ये असेल, त्याआधी त्याचं हाताने काढलेलं मापांकित चित्र असेल, आणि ते मूळ फाइलसोबत स्टेप, एसटीएल किंवा एसव्हीजी यांपैकी योग्य त्या रूपात शाळेच्या डिस्कवर जपलं जाईल. सध्या त्यासाठी टिंकरकॅड, फ्रीकॅड आणि इंकस्केप वापरू. दर वर्षी मे महिन्यात याचा फेरविचार होईल. परवाना नसलेलं सॉफ्टवेअर शाळेच्या संगणकावर घातलं जाणार नाही.” यातला ‘सध्या’ हा शब्द कुणी खोडायला लागलं तर खोडू देऊ नका.

आणि तो ड्रॅगनवाला मुलगा. त्याला ठरावाच्या चौकटीत बसवायला जाऊ नका. ब्लेंडर मोजूनमापून भाग बनवायचं साधन नाही, पण ड्रॅगनला कुठे टॉलरन्स लागतो? त्याचाही एसटीएल तुमच्याच प्रिंटरवर निघतो. त्याच्याभोवती पोरं जमतात, हे तर तुमच्या खोलीचं भांडवल आहे. फक्त त्यालाही एक क्लिप करायला लावा, ड्रॅगनच्या तोंडाची केली तरी चालेल. प्रिंटरचं पीएलए प्लास्टिक उन्हात मऊ पडतं, तेव्हा रानात नेऊ नका, शाळेच्या नळालाच ठिबकच्या नळीचा तुकडा जोडा, दुसऱ्या टोकाला क्लिप लावा आणि पाणी सोडा. गळलं की नाही, ते मला कळवा.